ह्यांना इचारा

शालनच्या घरी आजाऱ्याला भेटायला गेलेल्या माणसाला चहा उशिरा मिळायचा, कधी कधी मिळायचाच नाही. पाहुणा ओसरीवर टेकायचा, समोर कॉटवर बसलेल्या नानांकडे एक चोरटी नजर टाकायचा आणि लगेच मान वळवून शालनला विचारायचा, "काय म्हणती नानांची तब्येत? जेवण जातंय का?" नाना हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. शालन म्हणायची, "ह्यांना इचारा की. हे काय, हितं बसल्यात." एवढं बोलून ती सरळ आत निघून जायची. आत जाऊन चुलीपाशी उभी राहायची आणि कान बाहेर लावायची. बाहेर दोन माणसांचं बोलणं सुरू झाल्याचं ऐकू आल्याशिवाय ती चहाचं आधण ठेवत नसे.

कितीतरी माणसं चहा न घेताच उठून गेली. जाताना म्हणायची, नवरा अंथरुणावर आणि हिचा तोरा बघा. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय आणि आजही आठवलं की माझं डोकं तापतं. यातल्या एकालाही असं वाटलं नाही की ज्याला भेटायला आलो त्याच्याशी दोन शब्द बोलावेत.

मी काष्टीला अंगणवाडी सेविका होते आणि शालन माझी मदतनीस. मुलं घरून बोलावून आणायची, खिचडी शिजवायची, कुणाचं नाक पुसायचं, कुणाची चड्डी बदलायची, सगळं तिच्याकडे. उंच, सडसडीत, पदर कमरेला घट्ट खोचलेला. पोरं तिच्या पाठीवर चढायची, तिच्या वेणीला लोंबकळायची, आणि ती खिचडी ढवळत राहायची. एखादी आई उगीच भांडायला आली तरी ही म्हणायची, "ऱ्हाऊ द्या बाई, दमली आसंल." शालनला राग येतो हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. तो तिला नानांच्या आजारपणात आला आणि आला तो गेला नाही.

नाना म्हणजे तिचे यजमान, भानुदास. काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवून द्यायचा हा त्यांचा धंदा. माणूस बोलका, थट्टेखोर. पण गालात कायम तंबाखूचा बार. गालात आतून फोड आला तो त्यांनी बरेच दिवस लपवला आणि शेवटी पुण्याला ऑपरेशन झालं. खालच्या जबड्याची एक बाजू गेली, जिभेचा तुकडा गेला, छातीचं कातडं काढून गालाला लावलं. पुढे किरणांचे शेक. त्या शेकांनी तोंड आतून सोलून निघालं आणि जबडा असा आखडला की चमचाही आत जाईना. नाकातल्या नळीवर काही आठवडे काढून नाना घरी आले तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, रोग काढलाय, आता माणूस उभा करायचं काम तुमचं.

पहिलं वाक्य गावाने ऐकलंच नाही. गावाच्या दृष्टीने नाना गेल्यातच जमा होते, फक्त वेळ कोणती एवढाच प्रश्न होता. बायका यायच्या आणि शालनच्या गळ्यात पडून रडायच्या. कुणी म्हणायचं, तुझं कुंकू बळकट म्हणून वाचलं. शालन त्यांचे हात गळ्यातून सोडवायची. एकदा खिचडीचे तांदूळ निवडता निवडता ती मला म्हणाली, "माझं कुंकू वाचलं म्हनत्यात, बाई. आवं, माणूस वाचलाय. सोसलं कुनी, त्या कुंकवानं का ह्यांनी?"

आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलं काय, तर बिस्किटांचे पुडे आणि सफरचंदं. ज्याचा अर्धा जबडा नाही, त्याला सफरचंद. ते सगळं अंगणवाडीत यायचं. आमची पोरं खूश होती. शालन सफरचंद कापताना सुरी अशी चालवायची की मी मुलांना जरा लांब बसवायचे.

एक प्रसंग मी विसरणार नाही. नानांचा एक लांबचा मेहुणा आला होता, तोही जनावरांच्या धंद्यातला. बसला, इकडचं तिकडचं बोलला, तेही शालनशीच. मग उठला, मोबाईलची बॅटरी लावली आणि नानांच्या पुढ्यात वाकून म्हणाला, उघडा बरं तोंड, बघू किती कापलंय. नानांनी खांद्यावरचं उपरणं चटकन तोंडावर ओढलं. शालन दारात उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "पावनं, दात बैलाचं बघत्यात. बॅटरी बंद करा आन् उठा." तो उठला. त्याच्या बायकोने नंतर सगळ्या भावकीत सांगितलं की शालनने माणूस घरातून हाकलला. बरंच केलं. मी असते तर बॅटरीही ठेवून घेतली असती.

त्या दिवसापासून नानांचं उपरणं तोंडावर आलं. नाकाखालून गुंडाळून मागे गाठ. जेवायला आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. भाकरी दुधात कुस्करून, मिक्सरमधून काढून शालन देई ती कशीबशी गिळायची, अर्धी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. आरसा त्यांनी खिळ्यावरून काढून कॉटखाली टाकला होता. दिवसभर गोठ्यातल्या खिलार खोंडापाशी बसायचे, कारण त्या खोंडाने त्यांच्याकडे कधी वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. रात्री काय चालायचं ते शालन सांगत नसे. एकदाच म्हणाली, हे म्हनत्यात, कशाला वाचवलंस. मग पोरांना ओळीत बसवायला निघून गेली.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांच्या फटीत सरकवायच्या आणि धरून ठेवायच्या, हळूहळू काडी वाढवायची, म्हणजे जबडा मोकळा होतो. दुखतं फार. नाना एकदा करायचे आणि चार दिवस काड्यांना हात लावायचे नाहीत. तोंड उघडलं नाही तर पुढे घास जाणार नाही, शब्दही येणार नाही, हे शालनला पुरतं ठाऊक होतं. समजावून झालं, रडून झालं.

मग एके सकाळी मी अंगणवाडीची किल्ली न्यायला त्यांच्याकडे गेले. ओसरीवर नाना आणि शालन समोरासमोर बसलेले. नानांच्या दातांत थोड्या काड्या आणि शालनच्या तोंडात काड्यांची ही एवढी चळत, जबडा ताणून ताणून तिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. किल्ली मागितली तर शालनबाईंना बोलता येईना, हातवारे सुरू. मला हसू आवरेना. आणि नाना हसले. घशातून खर्र असा आवाज आला, लाळ सांडली, काड्या पडल्या, पण ते हसले. शालनने तोंडातली चळत काढली, जबडा चोळला आणि मला म्हणाली, "दुखतं म्हनत्यात ते किती, ते मला तरी कळू द्या की." तेव्हापासून रोज सकाळी दोघांचा तो कार्यक्रम. खांद्याचा व्यायामही तसाच, भिंतीवर बोटं चढवत न्यायची, ती आधी, मग ते. शेजारच्या बायका हसायच्या. हसू देत की. एका तरी घरात नवराबायको रोज सकाळी एकमेकांसमोर बसत होते.

शब्द फुटायला लागले, पण सावकाश. एकेक अक्षर कुठून तरी ओढून आणल्यासारखं यायचं, त्यात 'स' आणि 'च' पार बिघडलेले. ऐकणाऱ्याला थांबावं लागायचं. आणि थांबायला कुणाकडे वेळ नव्हता. पारावर दिवसच्या दिवस काढणारी माणसं, पण नाना बोलायला लागले की त्यांना कामं आठवायची. काही जण नानांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, "ना-ना, जेव-ला का?" असं. शालन म्हणायची, "अंगणवाडी तिकडं हाय. ह्यांचं कान चांगलं हायेत."

पण चूक तिच्याकडूनही झाली आणि ती मी पाहिली आहे. एकदा मी नानांना विचारलं, खोंडाला पेंड काय घालता. ते सांगायला लागले. शब्द अडकला. मी थांबले होते, पण शालन मागून पटकन म्हणाली, सरकीची. नानांच्या हातात पेजेची वाटी होती. ती त्यांनी ओसरीवर आपटली आणि गोठ्यात निघून गेले. शालन फरशी पुसायला लागली. पुसून झालं तरी पुसतच होती. म्हणाली, "साऱ्या गावाला शिकवती, ह्यांना इचारा म्हनून. आन् मीच ह्यांच्या तोंडातनं काढून घेतलं. मला बी दम धरवत न्हाई, बाई. मला बी न्हाई." तिला तेव्हा स्वतःचा जितका राग आला तितका कुणाचाच आला नसेल. पुढे नाना बोलायला लागले की ती पदराचं टोक दातांत धरून उभी राहायची. शब्द तिच्या ओठांवर आलेला दिसायचा, पण पदर सुटायचा नाही.

मी आता निवृत्त होऊन नगरला मुलाकडे राहते. इथे लोक मला सांगतात, आजाऱ्याची सेवा करावी, पुण्य लागतं. सेवा कुणीही करतं हो. पेज भरवणं, अंग पुसणं, गोळ्या देणं, हे सगळं शालनने केलं आणि त्याबद्दल गावाने तिचं कौतुकही केलं. पण आजाऱ्याचा शब्द त्याच्याकडेच ठेवायचा म्हटलं की तिला आगाऊ ठरवली. तिच्या थोरल्या दिरांनीही ठरवली.

थोरले दीर म्हणजे आबा. माणूस वाईट नव्हे, भावाच्या ऑपरेशनच्या दिवशी पुण्यात दवाखान्याबाहेर बसून लहान मुलासारखे रडले होते. पण एका संध्याकाळी भावकीतली चारदोन माणसं घेऊन आले आणि ओसरीवर बसून त्यांनी ठरवूनच टाकलं की बाजारातली नानांची बसायची जागा आता आपल्या मुलाने धरावी, गिऱ्हाईकं तुटायच्या आत. दलालाचं तोंडच गेलं तर धंदा कसला, असं ते म्हणाले. भावाच्या समोर म्हणाले. मी शेजारीच शालनबरोबर पोषण आहाराच्या पिशव्या शिवत बसले होते, हातातली सुई बोटात घुसली.

शालन म्हणाली, "आबा, ह्यांना इचारा." आबांनी मान वळवली, "काय रे भानुदास, बरोबर हाय ना?" नानांनी उपरण्याआडून बोलायला सुरुवात केली, "म्या... शन..." आणि आबा लगेच बाकीच्यांकडे वळून म्हणाले, त्याचं बी तेच म्हणणं हाय. एकाने मोबाईल काढला, दुसरा चपला शोधायला लागला. शालन पदर दातांत धरून उभी होती. तिने तो सोडला. "त्यांचं बोलनं झालेलं न्हाई," ती म्हणाली. आबा म्हणाले, "आता शालन, किती वेळ थांबायचं मानसानं?" आणि ती माणसं उठली. एक कप चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा कुणी थांबलं नाही. शालन आत गेली आणि भांडी घासायला लागली. तिचा हात भांड्यांवर इतका जोरात चालला होता की मी पिशव्या गोळा करून घरी निघाले.

त्या शनिवारी सकाळी नानांनी खोंडाचा कासरा सोडला आणि बाजाराच्या वाटेला लागले. शालनने सांगितलं नव्हतं, आग्रह केला नव्हता. ती पायात चपला घालून मागे निघाली आणि जाता जाता मला म्हणाली, आज खिचडी तुमी लावा. मी कसली लावते. पोरांना बिस्किटं वाटली, त्यांना लवकर घरी सोडलं आणि भाजीच्या निमित्ताने बाजार गाठला.

जनावरांच्या बाजारात बाई दिसत नाही. शालन तिथे डोईवर पदर घेऊन नानांच्या दोन पावलं मागे उभी होती आणि येणारा-जाणारा तिच्याकडे बघत होता. नानांच्या तोंडावर उपरणं, हातात कासरा. व्यापारी यायचे, खोंडाचे दात बघायचे, पाठीवर हात फिरवायचे, आणि भाव विचारायला शालनकडे वळायचे. ती म्हणायची, ह्यांना इचारा. मग ते खाकरायचे, घड्याळ बघायचे, येतो फिरून म्हणायचे. एक जण म्हणाला, आबा आल्यावर बोलू. दुसऱ्याने आपल्या जोडीदाराला दबक्या आवाजात सांगितलं की हातात हात कशाला देतोस, तसला आजार हाय. जो माणूस बरा झाला त्याच्याबद्दल हे. शालनने ऐकलं, मी ऐकलं, म्हणजे नानांनीही ऐकलंच असणार.

ज्यांनी हा बाजार पाहिलेला नाही त्यांना सांगते, जनावराचा भाव जुनी माणसं तोंडाने करत नाहीत. दोघं हातात हात घालतात, वरून उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. कोणत्या बोटांचे किती ते धंद्यातल्यांना ठाऊक. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. आता बघा. आबांचा जन्म या बाजारात गेला. सौद्याला तोंड लागतच नाही हे त्यांना कळत नव्हतं? की आपल्या भावाकडे पाहताना त्याच्या फाटक्या तोंडापलीकडे त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं?

ऊन चढलं तेव्हा रशीदभाई आले. नगरकडचे व्यापारी, नानांची त्यांच्याशी तीस वर्षांची घासाघीस. आजारपणात हा माणूस एकदाही फिरकला नव्हता आणि शालनचा त्यांच्यावर सगळ्यात जास्त राग होता. ते आले, खोंडाभोवती एक चक्कर मारली, दात बघितले, पाय बघितले. शालनकडे बघितलंही नाही. नानांसमोर उभे राहून म्हणाले, "सौदा करायचा का नाना? मग उपरनं तोंडाला बांधून कसं व्हईल? हातावर काय घ्यायचं? सोडा ते."

भोवती माणसं जमली होती. आबाही पलीकडून येऊन उभे राहिले होते. शालनने पदराचं टोक दातांत घेतलं.

नानांनी मानेमागची गाठ सोडली. सगळ्या बाजारासमोर त्यांचं तोंड उघडं पडलं, बसलेला गाल, वाकडा ओठ, कोपऱ्यातून आलेली लाळ. त्यांनी उपरण्याने ओठ पुसला, ते झटकलं आणि रशीदभाईंच्या हातावर टाकलं. दोघांचे हात आत गेले. रशीदभाईंची मान नकारार्थी हलायची, नानांच्या भुवया वर जायच्या, उपरण्याखाली बोटं पुन्हा चाळवायची. मेहेरबानी चालली असती तर ते एका मिनिटात उरकलं असतं. तसं झालं नाही. रशीदभाईंच्या कपाळावर घाम आला. शेवटी नानांनीच हात काढून घेतला आणि मान हलवली. सौदा मोडला.

रशीदभाई चिडले. "तीस वरसं झाली, पन ह्या मानसानं एकदा बी ढील दिली न्हाई," असं नानांच्या तोंडावर बोलून ते पुढच्या दावणीकडे निघून गेले. शालनचे डोळे भरून आले होते. खोंड विकलं गेलं नव्हतं आणि ती बाई बाजारात उभी राहून हसत होती.

आबा गर्दीतून पुढे आले. रशीदसारख्याने किती लावला हे कळल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी सवयीने शालनला विचारलं, "किती म्हनला गं त्यो?" शालनने खोंडाच्या तोंडावरची म्होरकी नीट करायला घेतली, जणू ऐकलंच नाही. आबा घुटमळले. मग भावाकडे वळले आणि तेच त्याला विचारलं.

नानांनी ओठ पुसला. "उपर... न्या... खालचं," ते म्हणाले आणि अडकले. शालन म्होरकीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. आबांचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला आणि तिथेच राहिला. नानांनी घोट गिळला आणि पुन्हा सुरुवात केली.

"उपरन्याखालचं... कुनाला... सांगत... न्हाईत, आबा."

आबा शेवटच्या शब्दापर्यंत थांबले होते.